सुईणीची कडी

नांदेडला वजिराबादेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी इंटरनेटवर आवाजांची बटणं बनवते. त्याची एक साइट आहे. फोनमध्ये आवाज भरायचा, मागचंपुढचं कापायचं, बटणाला रंग द्यायचा, नाव द्यायचं आणि चढवून द्यायचं. मग कुठंही, कुणीही ते दाबलं की तो आवाज वाजतो. मला कुणी शिकवलं नाही; जिला कापड कापता येतं तिला आवाज कापायला काय लागतं? निलंगा गाडीच्या कंडक्टरची घंटी बरी चालली. केळीच्या ट्रकवर उभं राहून ओरडणारा हमाल त्याहून बरा चालला.

माझी लेक महामाया लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करते. ती म्हणायची, "मम्मे, पोरी विचारतात तुझी आई काय करते. मी सांगते, आवाज शिवते."

उन्हाळ्यात मी अर्धापूरला आईकडे गेले. माझी आई कोंडाबाई पंचक्रोशीची सुईण होती. आता सगळ्या दवाखान्यात जातात, तिला बोलावून वर्षं झाली. पण दाराची साखळीची कडी अजून तीच आहे. अडलेल्या बाईच्या घरून आलेला माणूस तेव्हा हाक मारायचा नाही. नाव घेतलं तर आणखी अडतं म्हणायचे. त्यानं कडी वाजवायची: तीनदा, मग थांबून एकदा. ती ऐकली की आई हातातला घास ताटात ठेवून निघायची. दुसऱ्यांदा वाजवायची पाळी तिनं कुणावर येऊ दिली नाही, हा तिचा तोरा. आम्हा पोरांना त्या कडीला हात लावू देत नव्हती. आम्ही दार थापटायचं.

आई शेजारच्या उमाबाईंकडे गेलेली बघून मी फोन धरला आणि कडी वाजवली. तीनदा, मग थांबून एकदा. नाव दिलं 'सुईणीची कडी'. रंग लाल.

हे बटण सुसाट पळालं. महामायेच्या हॉस्टेलात पुस्तकावर कुणी पेंगली की दुसरी बटण दाबायची, पेंगणारी दचकून उठायची. त्या हॉस्टेलातून ते लातूरभर गेलं, तिथून पार कुठं कुठं. लोक ते उतरवून घेऊन आपापल्या व्हिडिओंना लावायला लागले. मी दुकानात बसून खुशीत होते.

मग उमाबाईंचा फोन आला.

"लुंबिनी, जय भीम. तुझी आई दिवसभर बाहेर जाऊन राहिली बघ. दार उघडते, केळीच्या वावराकडं जाते, लई वेळानं येते."

"कशाला जाते?"

"म्हणते, बोलावणं हाय. आता आपल्या गल्लीत पोटुशी कोण हाय? माझी म्हैस!"

मी हसले. दुसऱ्या दिवशी अर्धापूरला पोचले तेव्हा हसू मावळलं. आई अर्धी झाली होती. तिच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती, खूप वेळ कोमट पाण्यात असल्यासारखी. पदराला एरंडेलाचा वास होता. घरात एरंडेल नव्हतं.

"आई, कुठं जातीस?"

"अडलेल्याकडं."

"कोण अडलंय?"

"मी नाव इचारते का कधी?" ती भिंतीला टेकली. "लई हायत गं. संपंनात."

मी तिच्यासाठी चहा टाकायला उठले आणि कडी वाजली.

दार सताड उघडं होतं. अंगणात ऊन होतं, कुणी नव्हतं. साखळी चौकटीला सरळ लोंबत होती, जरासुद्धा हलत नव्हती. आवाज तिच्यातूनच आला. तीनदा, मग थांबून एकदा. आई गुडघ्यावर हात देऊन उठली. मी दंड धरला तर तिनं हिसडा देऊन सोडवला आणि निघाली. केळीत शिरेपर्यंत मला दिसत होती. मागून धावत गेले तर सरीत कुणीच नव्हतं.

मी महामायेला फोन लावला. "तुम्ही आत्ता ते बटण दाबलं का?"

"हाव. उज्वला झोपली होती. का गं?"

"पुन्हा दाब."

तिनं दाबलं. आधी फोनमध्ये वाजलं, मग एक श्वास जाऊन माझ्या पाठीमागे दाराशी.

"मम्मे, पण तू शेवटी आजीचा आवाज टाकलास ना, 'आले, आले'? तो लई भारी झालाय."

मी तो टाकला नव्हता.

बटण मी तिथंच उभ्या उभ्या काढून टाकलं. ज्यांनी उतरवून घेतलं होतं त्यांना एकेकाला लिहिलं. कुणी हसले, कुणी 'काकू, टेन्शन नका घेऊ' म्हणाले. कडीचे स्क्रू काढून कडी पिशवीत टाकली. तरी ती चौकटीच्या मोकळ्या लाकडावर वाजली. आईला नांदेडला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, विश्रांती सांगितली. माझ्या दाराला बेल आहे, साखळी नाही. तरी कडी त्या दाराच्या प्लायवूडवर वाजली आणि आई भिंत धरत जिने उतरायला लागली. पडून हाड मोडेल म्हणून परत अर्धापूरला नेलं. तोवर ती दूधसुद्धा चमच्यानं घेत होती. असंच चाललं तर ती चार दिवसांचीच सोबती होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी खूप विचार केला. एवढ्या माणसांची बोटं मी धरू शकत नव्हते. दार मात्र एकच होतं.

मी उंबऱ्याला आडवी चटई टाकली आणि बसले.

दुपार कलताना कडी वाजली. आईच्या पापण्या हलल्या.

"तू नीज," मी म्हणाले. "मी जाते."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला येतंय का?"

"शिकन. सगळं असंच शिकलेय."

"हात गरम करून जा."

मी तळवे एकमेकांवर घासले आणि दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. केळीची पानं स्तब्ध होती.

पायरी उतरले. वाट विचारावी लागली नाही.

परत आले तेव्हा भिंतीवरचं ऊन उतरलं होतं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं स्वतः चहा केला होता. गालावर जरा रंग होता.

"काय झालं?"

"पोरगी," मी म्हणाले. "वार पडायला वेळ लागला."

माझ्या तोंडून ते आलं कसं, कोण जाणे. मी जन्मात कुणाचं बाळंतपण बघितलं नाही. माझं स्वतःचंही सिझेरियन.

आई नुसतं "हं" म्हणाली आणि कप पुढं केला. तो घेताना मला माझं मनगट दिसलं. त्यावर चार बोटांचे लाल वळ होते आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा. कळ सोसताना कुणीतरी घट्ट धरलं असावं.

तेवढ्यात कडी वाजली. तीनदा, मग थांबून एकदा.

मी कप खाली ठेवला आणि उठले.

आई बशीत फुंकर घालत होती. "च्या गार होईल," ती म्हणाली. "आत्ताच तर आलीस. कुठं निघालीस?"

तिला ऐकू आलं नव्हतं.