साडेसदतीस मिनिटांवरचा झिरा

समीक्षाची आजी रुक्मिणीबाई गेली, त्यानंतरची पहिली अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली ती २०२३ सालात. त्या वर्षी अखजी आणि ईद एकाच दिवशी होती. रोहिणखेडात एका गल्लीत शिरखुर्मा शिजत होता, दुसऱ्या गल्लीत पुरणपोळ्या होत होत्या, आणि समीक्षाचे आबा, तुळशीराम, घरात नव्हते!

अखजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. रुक्मिणीबाईची ही पहिलीच घागर. आबा आठवडाभर म्हणत होते, "तिले नळाचं पाणी नाही चालत. झिऱ्याचंच पायजे."

तो झिरा, उकरलं की पाणी पाझरणारा खड्डा, डोंगरातल्या एका घळीत होता आणि वाट आबांनाच ठाऊक होती. एवढ्या उन्हात कोणी जाऊ देणार नाही, म्हणून ते उजाडायच्या आत गुपचूप निघून गेले होते.

त्यांच्याखेरीज झिरा पाहिलेला एकच माणूस होता, प्रेमानंद. तो डोंगरातले झरे नोंदवणाऱ्या एका संस्थेत कामाला होता. हिवाळ्यात आबांच्या मागोमाग जाऊन त्यानं ती जागा जीपीएस यंत्रात टिपली होती. वाट मात्र ध्यानात ठेवली नव्हती. दुपारी त्यानं यंत्र चालू केलं, पडद्यावरचे आकडे समीक्षाच्या बाबांना, शंकररावांना, वाचून दाखवले आणि यंत्र बंद पडलं! सेल गळून आतला पत्रा हिरवा झाला होता. शंकररावांनी आकडे मोबाइलच्या नकाशात घातले, माणसं घेऊन गेले आणि अंधार पडताना तसेच परतले.

"तिथं झिराच नाही," दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी शंकरराव म्हणाले. "आबा दुसरीकडंच गेले. मलकापूर स्टेशनावर कोणी म्हातारा दिसला म्हणतात." जीप निघाली. प्रेमानंदही सोबत गेला.

समीक्षा ओट्यावर बसून राहिली. शेजारचा अल्तमश आणि त्याची बहीण अलीजा तिच्याजवळ आले.

"आबाले झिऱ्यावरच जायचं होतं ना वं?" अलीजानं विचारलं.

"हाव."

"मग जिथं झिराच नाही, तिथं शोधून काय उपयोग? जागाच चुकली असंल!"

"यंत्र कसं चुकंल बे?" अल्तमश म्हणाला.

"यंत्र नाही, माणसं चुकली असतील! ते पुन्हा चालू करून पाहू."

"सेलवर नाही चालत ते."

"वायरीवर चालंल की! कॉम्प्युटरची वीज घेईल."

प्रेमानंदची आई घरात होती. तिनं काही न विचारता यंत्र आणि लॅपटॉप पोरांच्या हातात दिले. पोरं थेट खुर्शीदचाचांकडे धावली. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

"ईदच्या दुसऱ्या दिवशी दुकान? काऊन रे?" चाचा म्हणाले. समीक्षाचा चेहरा दिसला तसे ते किल्ल्या घेऊन निघाले.

पहिली वायर लावली. यंत्र उजळलं!

"चालू झालं!" अल्तमश ओरडला.

पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नव्हता.

"ही चार्जिंगची वायर आहे बेटा," चाचा म्हणाले. "वीज जाते हिच्यातून, माहिती नाही जात." त्यांनी तारांचा अख्खा खोका जमिनीवर उपडा केला. एकीचं तोंड मोठं, एकीचं बारीक, एकीचं तुटकं. शेवटी एका जुन्या कॅमेऱ्याची वायर बसली. लॅपटॉप टुण्‌कन वाजला. नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं, यंत्रातल्या जागा त्यात उतरल्या आणि तपकिरी डोंगरावर एक पिवळं निशाण आलं. त्यावर आबांचंच नाव होतं, ‘तुळशी’.

समीक्षानं बाबांनी पाठवलेली कालची जागाही त्याच नकाशावर टाकली. ती पडली डोंगराच्या पल्याड, दुसऱ्याच घळीत!

"एवढी लांब?"

अलीजा आकडे ताडून पाहत होती. "हे पाहा! यंत्र म्हणते वीस अंश, सदतीस पॉइंट पाचशून्य मिनिटं. म्हणजे साडेसदतीस. अर्धं मिनिट म्हणजे किती सेकंद?"

"तीस."

"आणि शंकरकाकांनी पॉइंट पाचशून्य ऐकून पन्नास सेकंद घातले! पुढच्या आकड्यालेही तसंच केलं!"

समीक्षानं फोन लावला. "बाबा, जागा चुकली! आबा..."

"सगळा डोंगर पाहून आलो मी! आता तरी पोरखेळ करू नका!" फोन कट झाला.

"चला," चाचा म्हणाले. त्यांनी भावाचा तीनचाकी अ‍ॅपे काढला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. नवी जागा अल्तमशच्या मोबाइलमध्ये होती. डोंगराच्या पायथ्यापासून पुढे पायीच जायचं होतं. दगड हाताला चटके देत होते.

"आबाऽऽ!"

उत्तर नाही. आणखी वर गेले. पुन्हा हाक मारली. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला पांढरा फेटा दिसला.

आबा जिवंत होते. पाय घोट्यापासून वाकडा झाला होता, ओठ फुटले होते. शेजारी खणलेला खड्डा होता. आबांची नखं मातीनं भरली होती. खड्डा कोरडा होता.

समीक्षानं बाटली ओठांशी धरली. बरंचसं पाणी गळ्यावरून ओघळलं.

"झिरा आटला बाई," आबा पुटपुटले. "तुझ्या आजीले काय देऊ?"

अल्तमशनं तोंड फिरवलं. चाचांनी आबांना पाठुंगळी घेतलं. पायथ्याशी गाडीत घालून त्यांना थेट बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी गल्लीत माणसं जमली. "मोठ्यांना जमलं नाही ते पोरांनी केलं!" "शाबास रे!" कोणी अलीजाच्या डोक्यावर हात ठेवला, कोणी अल्तमशची पाठ थोपटली. पोरं खाली पाहत उभी राहिली. डॉक्टर काय म्हणाले, ते त्यांना कळलं होतं.

शंकरराव दवाखान्यातून कपडे न्यायला आले. ते ओट्यावर अलीजाजवळ बसले.

"शोधलं तुम्ही, बेटा," ते म्हणाले. "मी फोनच कट केला." मग म्हणाले, "दाखव मले. कुठं चुकलं?"

अलीजानं पाटीवर खडूनं आकडे लिहून दाखवले. त्यांनी दोनदा समजून घेतलं.

तुळशीराम सोमवारी, २४ एप्रिल २०२३ रोजी सकाळी, बुलढाण्याच्या दवाखान्यात वारले.