राजगोपाल काय म्हणाले

फिल्टर कॉफी, अर्धी सांडलेली.
केरसुणीसारखी मिशी.
चार दिवस बंद असलेला आवाज.
नेत्रदानाचे कोरे अर्ज, एक गठ्ठा.
एक वाक्य. सुंदर.

यांचा एकमेकांशी संबंध काय? काहीच नाही. तसंच राहिलं असतं, तर तनया आज निवांत झोपली असती.

मैलापूरच्या बसमध्ये ती नाशिकच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. चेन्नईत येऊन नऊच दिवस झालेले, मराठी इथे कुणाला कळतंय, म्हणून आवाज अगदी मोकळा. "अगं, समोर एकजण बसलाय... डोळे छान आहेत गं, पण मिशी म्हणजे नुसती केरसुणी!"

समोरच्याने खिडकीतून नजर आत वळवली. "केरसुणी असूं द्या मा. डोळे छान मणालांत, तेवढं बेष."

तनयाचे कान तापले. "तुम्हाला — मराठी येतं?"

"साडेतीनशे वर्षं येतं. तंजावरचे आम्ही."

दोघं एकाच थांब्यावर उतरले, एकाच गल्लीत वळले आणि एकाच फाटकाशी थांबले. नेत्रदानाचा प्रचार करणारी ती छोटी संस्था. विजयेंद्र घरोघर जाऊन लोकांच्या हकिकती ऐकून आणायचा. नव्याने लागलेली तनया त्या लिहिणार होती.

"आता रोज केरसुणी बघायला लागेल," तो म्हणाला आणि फाटक उघडून बाजूला झाला.

विजयेंद्राचा एक नेम होता. हकिकत पत्रकात छापण्याआधी तो ती परत त्या घरी न्यायचा, मोठ्याने वाचायचा आणि विचारायचा, "हे तुमचंच ना?" मान हलली तरच छापायचं. तनयाने लिखाणाला एआय घेतलं तेव्हा तो अडून बसला नाही. नावं काढून मजकूर द्यायचा, पाल्हाळ छाटणं आणि तमिळ भाषांतर एआयवर सोपवायचं, मग ओळ अन् ओळ मूळ मुलाखतीशी ताडायची, असं दोघांनी मिळून ठरवलं. "त्याला लिहूं दे," तो म्हणायचा. "विचारायला मी जातों."

हळूहळू तीही जाऊ लागली. तमिळ तर तिला कळत नव्हतं.

"मी येऊन काय करू तिथे?"

"बसा नुसतं. मला धीर येतो."

"वाचायला धीर लागतो?"

"वाचायला नाही मा..." आणि तो कॉफीचा इतका मोठा घोट घ्यायचा, की जीभ भाजायची. अर्धी शर्टावर. ती हसायची, तो शर्ट झटकायचा, आणि वाक्य तसंच राहून जायचं.

मग अंबुजाक्का आल्या. तंजावरच्याच, निवृत्त शिक्षिका. पती राजगोपाल हॉस्पिटलात वारले तेव्हा त्यांनी एकटीने सही करून त्यांचे डोळे दिले होते. मुलाखत झाली आणि विजयेंद्र चुलतभावाच्या लग्नाला तंजावरला निघाला. जाताना म्हणाला, "अक्कांना या वेळी तुम्हीच वाचून दाखवा. मराठीच आहेत. तुम्हीच विचारा."

असं त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ते कळलंही होतं.

तिसऱ्या दिवशी छापखान्याने मजकूर मागितला, संध्याकाळच्या आत. हकिकत कोरडी वाटत होती. तिने एआयला सांगितलं, शेवट मनाला भिडेल असा कर. आणि पडद्यावर उमटलं: जाताना राजगोपाल म्हणाले, "माझे डोळे ठेवून घ्या, कुणाची तरी सकाळ अजून व्हायचीय."

तिचेच डोळे भरून आले. हे मुलाखतीत नव्हतं, तिला ठाऊक होतं. अक्कांचा नंबर काढून ती थोडा वेळ बसली... इतकं सुंदर आहे, त्यांना आवडेलच की. तिने मजकूर पाठवून दिला.

पत्रक दारोदार गेलं. ते वाक्य अक्कांनीच मागाहून सांगितलं असेल, असं विजयेंद्राने धरलं. अर्जांचा गठ्ठा दोन आठवड्यांत संपला. संस्थेत पेढे वाटले गेले. पेढा हातात असतानाच विजयेंद्र जिना चढून आला.

"अक्का हॉस्पिटलात गेल्या होत्या."

"का? बरं नाही?"

"नर्सना विचारायला. राजगोपाल कुणाशी बोलले मणून." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "शेवटचे चार दिवस त्यांचा आवाज बंद होता, तनया. अक्कांना वाटतंय, त्या खाली डबा धुवायला गेल्या, तेवढ्यात ते बोलले. आणि त्या तिथे नव्हत्या."

सांगायला दोघं गेले. बोलली तनया. वाक्य कुठून आलं ते, आणि वाचून दाखवायचं कसं टाळलं तेही.

अक्कांनी पदराचा काठ सारखा केला. "मग ते काहीच बोलले नाहीत?"

"नाही, अक्का."

"माझ्यापुरते दोन आठवडे बोलले होते मा," त्या म्हणाल्या.

संस्थेने पत्रक मागे घेतलं, चूक छापून कबूल केली. अक्कांनी मात्र विजयेंद्रालाही पुन्हा दार उघडलं नाही. महिनाअखेर त्याने काम सोडलं. बसथांब्यावर तनया पोचवायला आली. रिमझिम होती, दोघांत एकच छत्री, आणि तरी दोघांचा एकेक खांदा भिजत होता.

"रागावलात?"

"राग असता तर बरं होतं. भांडलों असतों."

"विजयेंद्र, मला तुम्ही... आवडता. मला नीट बोलता येत नाहीये."

"कळलं मा."

"मग राहा ना."

त्याने छत्रीची मूठ तिच्या हातात दिली. बोटं क्षणभर तिथेच राहिली. "तुमच्याकडे बघितलं की अक्कांचं बंद दार दिसतं. तुमचं एकटीचं नाही, माझंही चुकलं. माझा प्रश्न मी दुसऱ्याला द्यायला नको होता."

बस आली. खिडकीतून त्याने हात केला की काच पुसली, ते तिला नीट दिसलं नाही.

पत्रक छापायला गेलं त्याच्या आदल्या दिवशी, तंजावरच्या लग्नमांडवात, त्याने आईला तनयाचं नाव सांगितलं होतं.