दाराबाहेरचे बाबा

खेळाच्या मास्तरांना सोंगं बरोबर ओळखता यायची. पळायची वेळ आली की कुणाचं पोट दुखतं, कुणाची टाच, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे तापातून उठलेली त्यांचीच बारकी शाळेच्या वेळेला डोकं धरून बसली, उजेड नको म्हणाली आणि पायातले मोजे हातात घालू लागली, तेव्हा त्यांचा पारा चढला. नाटकं पुरे, म्हणून त्यांनी एक ठेवून दिली. बारकी रडली नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तशी बापाकडे बघत राहिली, आणि मग तिला झटका आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. विषाणूमुळे मेंदूला सूज आली होती. असं झालं की मूल विचित्र वागतं, ते सोंग नसतं, असं त्या सहज बोलून गेल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. मारल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

औषधाने ताप उतरला. बारकी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"माहीत नाही," ती म्हणाली. "बाबा दाराबाहेर उभे आहेत. ते मारत नाहीत."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना मान वर करवेना.

दाराबाहेर कुणी नव्हतं. सूज ओसरली की भास जातील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूज ओसरली. बारकी पाढे म्हणू लागली, आईशी भांडू लागली, पण मास्तरांच्या हातून पाण्याचा घोटही घेईना. दाराकडे बघून मात्र हसायची. एकदा नर्स आत येताना अंग चोरून कुणाला तरी "जरा सरका" म्हणाली. मास्तरांनी विचारलं, तर तीच गोंधळली.

घरी सोडलं त्या दिवशी मास्तर पिशव्या घेऊन मागून जिना चढत होते. आज लेकीची माफी मागायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं. वर बायकोने कुलूप काढलं, बारकी आत गेली. बायको मात्र दार धरून थांबली, मागच्याला वाट देतात तशी.

मग तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

मास्तरांनी घंटीवर बोट ठेवलं. शरमेने ती दाबवेना.

"बाबा, बाहेर कोण आहे?" आतून बारकीने विचारलं.

"कुणी नाही गं," मास्तरांच्याच आवाजात उत्तर आलं. "तू झोप जरा."