रुचिकाचा आलेख

खासगी तपास करणाऱ्या जया देवतळेने पुढे केलेल्या खुर्चीवर तानबा बसला नाही. वडनेरहून सकाळच्या एसटीने आला होता आणि बोलतानाही दाराची चौकट धरून उभा होता.

"मायी पोरगी कोनं मारली, तेवढं सांगा, बाई. बाकी मले काही नाई पायजे."

रुचिका एकोणीस वर्षांची. तीन वर्षांपासून तिला कानात आवाज ऐकू येत. वर्ध्याच्या एका खासगी मानसोपचार केंद्रात २००३ साली नवी पद्धत सुरू झाली होती. आधी मेंदूच्या लहरींचा आलेख काढायचा आणि त्यावरून कोणतं औषध मानवेल, कोणतं बाधेल, याचा अंदाज बांधायचा. आलेख स्वच्छ निघाला, औषध सुरू झालं. अकराव्या दिवशी लागोपाठ झटके आले आणि पोर गेली. आलेख काढणारा निकेश निलंबित झाला. तानबाने त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती.

"कागद बदलले असतील त्याने," प्रेमदास म्हणाला. एसटीतून निवृत्त झालेला हा कंडक्टर जयाच्या तपासांत सोबत असे आणि बहुधा पहिलाच संशयित धरून बसे.

निकेशने नोंदवही पुढे केली. त्या दिवशी एकच आलेख निघाला होता. बदलणार कशाशी? मुलगी त्याच्या लक्षात होती. केस नुकते धुतलेले, तेलाचा थेंब नाही. दोन वेण्या तिने स्वतःच सोडल्या. डोक्याला लावायच्या तारा पंधरा मिनिटांत चिकटल्या. तीन मिनिटं खोल श्वास घे म्हटलं, तर तिने न चुकता घेतला. आई बाहेर बाकावर होती. मुलीला त्याने त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी रुचिकाला दोनदा पाहिलं होतं, आलेखाआधी आणि औषध देताना. दोन्ही वेळी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली. नाव विचारलं तरी उत्तर नाही, जवळ गेलं की किंचाळायची.

"अशा मुलीचा आलेख निघाला कसा?" जयाने विचारलं.

"निकेशचा हात हलका आहे," डॉक्टर म्हणाले. आपण तेव्हा तिथे नव्हतो, हेही त्यांनी सांगितलं.

वडनेरला तानबाच्या घरी रुचिकाच्या धाकट्या बहिणीने, मयुरीने, पाणी आणून दिलं. त्यांची आई शकुंतलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रुचिकाला न्हाऊ कोण घालायचं, असं जयाने सहज विचारावं तसं विचारलं.

"जट आली होती तिले," त्या म्हणाल्या. "देवीची. तीन वर्सं डोक्याले पाणी नाई लावलं. कापली तर कोप होते."

जयाने पेला खाली ठेवला.

"तानबाजी, आलेखाच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"कापूस घेऊन हिंगणघाटले गेलतो."

"जटेत तार चिकटत नाही. निकेशपुढे आलेल्या मुलीचे केस धुतलेले होते, वेण्या होत्या. तीन मिनिटं सांगितल्याप्रमाणे श्वास घेणारी मुलगी डॉक्टरांना नाव न सांगणारी रुचिका नव्हे. बाहेर आई बसली होती, म्हणजे परकी मुलगीही नव्हे. तो आलेख रुचिकाचा नाहीच. औषध दुसऱ्याच डोक्याचा आलेख पाहून दिलं गेलं. खऱ्या आलेखात कदाचित धोका दिसला असता."

प्रेमदासने मयुरीच्या दोन वेण्यांकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"तिले नाई बोलायचं," शकुंतलाबाई पुटपुटल्या. "मीच नेलं. केंद्रात म्हणत, केस मोकळे करून धुवा. कसे धुऊ?"

 तानबा म्हणाला, त्या पोरावरची तक्रार उद्या मागे घेतो. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो खाली बसला, मातीतच.

मयुरी जयाजवळ आली.

"माह्या कागदावर काही खराब होतं का?"

"नाही. अगदी चांगला होता."

"आमी दोघी एकाच मायच्या," ती म्हणाली. "डोकंबी सारखंच असन, असं वाटलं मले."