नावापुढचं ‘एल’
स्वरांगी जिना उतरून खाली आली, तर तिच्या बंद दारातून चार बोटं आत डोकावत होती.

पत्रं टाकायच्या फटीला स्प्रिंगची पितळी झडप होती आणि त्या झडपेत कुणाचा तरी हात चांगलाच अडकला होता. बाहेर आयर्लंडमधल्या मलिंगार गावचा पाऊस रिपरिपत होता. ‘‘कोण आहे?’’ तिनं इंग्रजीत दरडावून विचारलं.

बाहेरून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, ‘‘आई गं…’’

तिनं झडप उचलून धरली, हात सोडवला आणि मगच दार उघडलं, तेही साखळी लावून. बाहेर एक भिजलेला तरुण उभा होता. डोळ्यांत पाणी, तरी ओठांवर हसू.

‘‘मकरंद. कालव्याजवळ माझा छोटा छापखाना आहे. हे सार्वमताचं पत्रक टाकत होतो.’’

‘‘बोटं हलवून दाखवा,’’ स्वरांगी म्हणाली. लहान मुलांची डॉक्टर होती ती. बोटं हलत होती. एक खरचटलं होतं, त्याला तिनं पट्टी लावली. पट्टीवर ससे होते. घरात तेवढीच होती.

‘‘छान आहे,’’ तो सशांबद्दल म्हणाला. पण बघत होता तो तिच्याकडे… असं तिला वाटलं, आणि तिनं दार लावून घेतलं.

संशय घ्यायला तिच्याकडे कारण होतं. जूनमध्ये तिनं आयरिश नागरिकत्वाची शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी डब्लिनजवळच्या सँडीफोर्डच्या अभिजितला लग्नाची घाई झाली. वर्षभर गोड बोलणारा हा माणूस वॉटरफोर्डच्या एका मुलीशीही तितकंच गोड बोलत होता. तिचीही शपथ त्याच महिन्यात होती. तेव्हापासून कुणी नुसतं हसलं, तरी स्वरांगीला वाटायचं, याला मी हवी की माझा पासपोर्ट?

चार दिवसांनी पुन्हा झडप वाजली. तिनं झटकन दार उघडलं. तोच!

‘‘थांबा,’’ ती म्हणाली आणि दोन्ही पत्रकं त्याच्यासमोर धरली. ‘‘सोमवारी म्हणालात, संसदेचं वरचं सभागृह बरखास्त करा. आज म्हणताय, वाचवा. आणि खाली बारीक अक्षरात मुद्रक म्हणून दोन्हीकडे तुमचंच नाव!’’

‘‘कायदा आहे तसा. छापणाऱ्याचं नाव घालावंच लागतं. दोन्ही बाजू माझ्याकडेच आल्या… गावात दुसरा स्वस्त छापखाना नाही.’’

‘‘आणि तुमची बाजू कोणती?’’

‘‘मत गुप्त असतं ना, डॉक्टर?’’ तो हसला. ‘‘पण गंमत बघा. घटना बदलायची तर प्रस्ताव आधी दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो. म्हणजे त्या बिचाऱ्या सभागृहानं स्वतःलाच मोडीत काढायचा प्रस्ताव मंजूर करून लोकांकडे पाठवला! आता शेवटचा शब्द तुमचा.’’

‘‘माझा कुठला? जूनमध्ये नागरिक झाले मी, पण यादीत माझं नावच नाही.’’

त्याचं हसू मावळलं. ‘‘अहो, पुरवणी यादी असते! फॉर्म भरायचा, त्यावर गार्डा स्टेशनचा, म्हणजे पोलिसांचा, शिक्का घ्यायचा. पण मुदत संपत आलीय…’’

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन तो हॉस्पिटलच्या दाराशी हजर. तिच्याबरोबर गार्डा स्टेशनपर्यंत चालत गेला. वाटेत छत्री पूर्ण तिच्या डोक्यावर आणि स्वतःचा उजवा खांदा ओलाचिंब. तिला ते दिसलं. आवडलंही. म्हणूनच ती आणखी सावध झाली. याला नव्या नागरिकांच्या मतदानाचे इतके बारकावे कसे ठाऊक? माझ्या मताची एवढी काळजी का?

त्यात शेजारच्या नोरीननं भर घातली. स्वरांगीनं सहज विचारलं, तुला पत्रकं कुणी आणून दिली? नोरीन म्हणाली, दोन्ही वेळा वेगवेगळ्या बायका आल्या होत्या. ‘‘तुझा तो देखणा माणूस? तो आमच्याकडे कधीच आला नाही, गं.’’

म्हणजे तो फक्त हिच्याच दारी येत होता!

स्वरांगी त्याच दुपारी वाचनालयात गेली. मतदार यादी तिथे कुणालाही बघता येते. कालव्याजवळच्या रस्त्याच्या पानावर मकरंदचं नाव सापडलं. नावापुढे एक छोटं अक्षर होतं, ‘एल’. तिनं ग्रंथपाल बाईंना विचारलं.

‘‘फक्त स्थानिक निवडणुकीपुरता मतदार,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सार्वमतात मत नाही. नागरिक नसेल तो अजून.’’

स्वरांगीनं यादी मिटली. पुन्हा तेच! घरी येईपर्यंत तिला स्वतःचीच चीड आली. ओल्या खांद्यावर भाळली होती वेडी!

चार ऑक्टोबरला, शुक्रवारी, शाळेतल्या मतदान केंद्राच्या फाटकाशी तो उभाच होता. ‘‘पहिलं मत! अभिनंदन, डॉक्टर.’’

‘‘चला ना आत. तुम्हीही टाका.’’

‘‘मी… तुम्ही जाऊन या.’’

‘‘तुमच्या नावापुढे ‘एल’ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी बघून आले. सरळ सांगा, माझा पासपोर्ट हवाय ना तुम्हाला?’’

‘‘नागरिकत्वाचा अर्ज करून दोन वर्षं झाली,’’ मकरंद म्हणाला. ‘‘उत्तर नाही. दोन्ही बाजूंची पत्रकं छापली, आणि मला स्वतःला मत नाही. हे सांगितलं असतं तर तुम्ही हेच म्हणाला असतात. म्हणून घाबरलो. ते चुकलंच माझं.’’

‘‘आणि फक्त माझंच दार?’’

त्याचे कान लाल झाले. ‘‘मे महिन्यात पोस्टाच्या रांगेत तुम्ही फोनवर आईशी भांडत होतात. भेंडी चिकट का होते यावरून. इतकं मराठी भांडण मी इथल्या आठ वर्षांत ऐकलं नव्हतं… पत्रकं वाटणाऱ्या बायकांकडून तुमच्या घराचं पत्रक मी मागून घेतलं.’’

मे महिना. शपथ जूनमधली. स्वरांगीनं मनात हिशेब केला आणि स्वतःच्या त्या हिशेबाची तिला लाज वाटली.

‘‘माझ्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत मी तुम्हाला काहीही विचारणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘वर्ष लागो, पाच लागोत. म्हणजे तुमच्या मनात शंका राहायला नको.’’ आणि तो वळून चालू लागला.

ती आत गेली. पांढरी मतपत्रिका वरच्या सभागृहाची, हिरवी त्याच दिवशी विचारलेल्या नव्या न्यायालयाच्या प्रश्नाची. दोन्हींवर खूण करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. बाहेर आली ती जवळजवळ धावतच. तो पुलापर्यंत पोचला होता.

‘‘मकरंद!’’

तो थांबला. पाऊस भुरभुरत होता.

‘‘तुम्ही विचारणार नाही म्हणालात,’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘पण मी विचारलं तर?’’

‘‘म्हणजे…?’’

‘‘मला अजून थोडी भीती वाटते. खोटं सांगणार नाही. पण तुमच्या अर्जाचं उत्तर यायच्या आधीच ठरवायचंय मला… सरकारनं माझ्या वतीनं ठरवायला नको.’’ तिनं त्याचा भिजलेला हात हातात घेतला. ‘‘रविवारी भेंडी करणार आहे मी. चिकट होईल बहुतेक. येशील ना… तू?’’

‘तू’ तोंडातून निघून गेला होता. तिनं तो परत घेतला नाही.