बटणांच्या गावाचा भोंगा

गावचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एल्डोरा हॅपगुड जिना चढून वर आल्या, तेव्हा त्यांच्या पायात बागेत घालायचे चिखलाचे बूट तसेच होते. टिल्डन्स बेंड गावात एवढ्यावरूनच कळतं, की काहीतरी भयंकर घडलंय.

"भोंगा गेला, इर्मा!" त्या खुर्चीत कोसळल्या. "संग्रहालयातून. रात्रीतून. आणि परवा शनिवारी समारंभ!"

बेकरीच्या वरच्या खोलीत इर्मा प्रिचर्डचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. पूर्वी ती विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासायची. नॉर्बर्ट हॅस्की शाळेची बस चालवायचा. सकाळची मुलं पोचवली की दुपारची फेरी येईपर्यंत तो इथेच बसायचा. थोडा इर्माला मदत म्हणून, बराचसा खालच्या बेकरीतल्या ॲपल-पायसाठी.

"ऑर्डवेवाले!" नॉर्बर्टने तोंडातला घास गिळत जाहीर केलं. नदीपलीकडच्या ऑर्डवे गावावर त्याचा कायम संशय असे. "आमच्या फुटबॉल संघाचं शुभचिन्ह, ते कापडी अस्वल त्यांनीच पळवलं होतं."

"नॉर्ब, ते अस्वल तुझ्याच बसमध्ये सापडलं होतं," इर्मा म्हणाली. "एल्डोरा, पाणी घ्या आणि नीट सांगा."

सांगण्यासारखं फार नव्हतं. गावाला दीडशे वर्षं होत होती. नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करणारं हे गाव. एकेकाळी अर्ध्या देशाचे सदरे इथल्या बटणांनी बंद व्हायचे. मग प्लास्टिक आलं, चेन आली, आणि पस्तीस वर्षांपूर्वी शेवटचा कारखाना बंद पडला. अजूनही कोणाच्याही अंगणात कुदळ मारली, की गोल भोकं पाडलेले शिंपले निघतात. अजूनही इथे कोणी उशिरा येत नाही, कारण सगळ्यांचे आईबाप त्या कारखान्याच्या वाफेच्या भोंग्यावर उठले, जेवले आणि झोपले.

"मंगळवारच्या सभेत व्हर्नन म्हणाला, भोंगा नुसता काचेत काय ठेवायचा, वाजवूया," एल्डोरा म्हणाल्या. "त्याच्याकडे जुनं वाफेचं इंजिन आहे ना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज तो भोंगा बसवून बघणार होता. सकाळी जाते तर पेटी रिकामी. नावाची पट्टीसुद्धा नेली मेल्यांनी."

"कुलूप?"

"दाराची किल्ली कुंडीखाली असते. पेटीची दारामागच्या खिळ्याला."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

एल्डोराबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इर्माने तो प्रश्न सोडून दिला. सगळ्या गावाला माहीत होतं.

ऑफिसच्या दारावर समारंभाचं पोस्टर होतं. त्यावर भोंग्याचा मोठा फोटो. गुळगुळीत पितळी नळकांडं, कमरेपाशी सगळीकडून सारखी फिरलेली एकच खाच. जाता जाता इर्मा त्याच्यापुढे क्षणभर थांबली.

संग्रहालय म्हणजे जुन्या पोस्टाची एकच खोली. काचेची पेटी उघडी होती. आतल्या लाकडी चौथऱ्यावर भोंग्याच्या बुडाचा गोल डाग. चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला पट्टीच्या जागी फिकट चौकोन उरला होता, आणि त्याच्या दोन टोकांना दोन स्क्रू. पट्टी काढून घेतल्यावर कोणीतरी ते पुन्हा आपापल्या भोकांत नीट पिळून बसवले होते.

"पट्टीवर काय होतं?"

"'ओटो ड्रेक्सेल यांनी वाचवलेला भोंगा,'" एल्डोरा म्हणाल्या. "ओटो बटणांच्या कारखान्यातला बॉयलरवाला. कारखाना बंद झाला, तेव्हा सगळं भंगारात निघालं होतं. तो एकटा छपरावर चढला आणि भोंगा उतरवून घेऊन आला. मी तेव्हा इथे नव्हते, पण सगळे सांगतात. त्याच्या अंत्ययात्रेला गावातली सगळी दुकानं बंद होती."

व्हर्नन टकेट त्याच्या वाफेच्या इंजिनाखाली आडवा पडून काम करत होता. बाहेर फक्त बूट दिसत होते. तो वरच्या तालुक्यातला शेतकरी, म्हातारपणी गावात राहायला आलेला.

"मी कशाला चोरू? शनिवारी तो मीच वाजवणार होतो!" बूट म्हणाले.

"तुम्ही तो पूर्वी ऐकला होता?"

"छे. आमच्याकडे गायींच्या हंबरण्यावर वेळ कळायची." व्हर्नन सरपटत बाहेर आला. "पण काचेतून पाहिलाय. साधा, एकसुरी, दणकट. माझ्या इंजिनावर बघा, हा तीन सुरांचा. आत तीन कप्पे, आणि बाहेर तीन खाचा, एकेक वेगळ्या उंचीवर. जितके सूर, तितक्या खाचा. एका खाचेतून तीन सूर काढायचे म्हणजे देवाला बोलवावं लागेल."

नॉर्बर्टला ते इंजिन फार आवडलं. त्याला तिथून ओढून न्यावं लागलं.

रोझ क्युबिचेकबाई व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिंपले कापले होते. भोंग्याला त्या उघड उघड शिव्या द्यायच्या.

"मी चोरला असता तर हातोड्याने चेचला असता," त्या म्हणाल्या. "जरा उशीर झाला की फाटक बंद. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा! मी तर त्या संग्रहालयात पाऊल टाकलेलं नाही. त्याचं थोबाड कोणाला बघायचंय?"

"आवाज कसा होता हो?"

शेंगा थांबल्या. म्हातारीने डोळे मिटले आणि खालचा, मधला, वरचा असे तीन सूर गुणगुणून दाखवले. "हे तिन्ही एकदम. चर्चच्या ऑर्गनसारखा. मेला होता मात्र सुरेल." मग त्या नॉर्बर्टकडे वळल्या. "काय रे, तू हॅस्कीचा ना? बाप तसाच, दुसऱ्याच्या ताटाकडे बघणारा. घे, शेंगा घे."

ओटोचा मुलगा हार्लन याचं मेन स्ट्रीटवर हार्डवेअरचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेला, मितभाषी, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. तो एका जाळीच्या दाराची बिजागरी काढत होता.

"वाईट झालं," तो म्हणाला. "कोणी केलं असेल, देव जाणे."

"वडिलांनी भोंगा उतरवला, तेव्हा तुम्ही किती मोठे होता?"

"एकोणीस. शिडी मीच धरली होती." बिजागरी निघाली. बोलता बोलता त्याने दोन्ही स्क्रू उचलले आणि चौकटीच्या रिकाम्या भोकांत परत पिळून ठेवले. "कारखान्याचं छप्पर थेट नदीवर आलेलं होतं. उंच."

"आवाज कसा होता त्याचा?"

"आवाज?" हार्लन बिजागरीवरचा गंज पुसू लागला. "फार वर्षं झाली. विसरलो."

बाहेर आल्यावर नॉर्बर्ट म्हणाला, "बिचारा. त्याच्या बापाची वस्तू गेली. ऑर्डवेला कधी जायचं मग?"

"ऑर्डवेला नाही. तू दुपारची मुलं सोडून ये," इर्मा म्हणाली, "आणि येताना एल्डोराला घेऊन ये. आपण परत इथेच येणार आहोत."

दुकान बंद व्हायच्या सुमाराला तिघं आत आली. इर्माने दारावरची पाटी फिरवून 'बंद' केली.  हार्लन गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला.

"हार्लन, भोंगा तुम्ही नेलात," इर्मा शांतपणे म्हणाली.

एल्डोराबाई उसळल्या. "इर्मा! अगं, याच्या वडिलांनीच तर तो..."

"ऐका तरी. भोंगा इतकी वर्षं काचेत होता आणि किल्ली कुंडीखाली होती. चोरायचाच असता तर कोणीही, कधीही चोरला असता. तो मंगळवारनंतर गेला. मंगळवारी एकच गोष्ट बदलली. तो वाजवायचं ठरलं. म्हणजे चोराला भोंगा हवा होता असं नाही. त्याचा आवाज नको होता."

"रोझबाई!" नॉर्बर्ट म्हणाला.

"रोझबाईंनी तर मला आवाज म्हणून दाखवला. तीन सूर, एकदम. आणि व्हर्ननने सांगितलं, तीन सुरांना तीन खाचा लागतात. आता माझ्या दारावरचं पोस्टर आठव."

नॉर्बर्टने डोळे मिटले. बराच वेळ गेला. "एकच खाच आहे."

"एकच. म्हणजे संग्रहालयातला भोंगा कारखान्याचा नव्हताच. रोझबाईंनी आवाज ऐकला होता, पण भोंगा पाहिला नव्हता. व्हर्ननने पाहिला होता, पण ऐकला नव्हता. एल्डोरा, तुम्ही नंतर आलात. बाकी गावाने दोन्ही केलं, पण खाचांचा हिशोब कोणाला माहीत? शनिवारी मात्र पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला पहिल्याच फुंकरीला कळलं असतं."

हार्लन खाली बघत होता.

"हे आधीपासून कोणाला माहीत असणार? ज्याने भोंगा आणला त्याला, आणि ज्याने शिडी धरली त्याला. शिवाय चोराने नावाची पट्टीही नेली. भोंगा विकणाऱ्याला ती कशाला हवी? पण रिकाम्या चौथऱ्यावर वडिलांचं नाव एकटं राहावं, हे एखाद्याला बघवणार नाही. त्याने पट्टी काढली आणि हाताच्या सवयीने स्क्रू परत भोकांत बसवले. आज दुपारी माझ्यासमोर तुम्ही तेच केलंत. आणि रोझबाईंना जो सूर अजून पाठ आहे, तो बॉयलरवाल्याचा मुलगा विसरला? तो प्रश्नच तुम्हाला नको होता."

 मग हार्लन उठला, खिळ्यांच्या पिंपामागून गोणपाटात गुंडाळलेला भोंगा काढून त्याने गल्ल्यावर ठेवला. पट्टीही.

"हातातून निसटला त्यांच्या," तो म्हणाला. "छपरावरून थेट नदीत. मी खालून बघत होतो. पप्पा तिथेच बसून रडले. खाली फाटकाशी माणसं वाट बघत होती. पप्पांनी मला सांगितलं, सांग, उद्या आणतो. रात्रीतून ऑर्डवेच्या भंगारातून एका बोटीचा भोंगा उचलून आणला."

"ऑर्डवे!" नॉर्बर्ट पुटपुटला.

"त्यांना वाटलं होतं, चार दिवसांनी खरं सांगू. पण गावाने खांद्यावर घेतलं, पट्टी लावली. मग सांगायची वेळच गेली. मरेपर्यंत ते त्या खोलीत गेले नाहीत. काल रात्री मी हाही नदीत टाकायला पुलावर गेलो होतो. पण एक गेलाय. दुसराही कसा टाकू?"

एल्डोराबाईंनी गल्ल्यावरून हात पुढे करून त्याचा हात धरला. "चोर सापडला नाही, म्हणून सांगते मी," त्या म्हणाल्या. "भोंगा कुंडीपाशी परत ठेवून गेला म्हणते."

"नको," हार्लन म्हणाला. "पुरे झालं आता. मीच सांगतो."

शनिवारी नदीकाठचं मैदान भरून गेलं होतं. मक्याच्या कणसांचा धूर, शाळेचा बँड, झेंडे. व्हर्ननचं इंजिन फुसफुसत होतं आणि त्यावर बोटीचा भोंगा चमकत होता. हार्लन माइकपुढे उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. छप्पर, नदी, भंगार, चोरी, सगळं.

 बँडवाल्यांनी वाद्यं खाली केली. हार्लनचा चेहरा पांढरा पडला. इर्माने नकळत नॉर्बर्टचा दंड धरला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून रोझ क्युबिचेकबाईंचा खणखणीत आवाज आला. "म्हणजे पस्तीस वर्षं तो मेला नदीच्या तळाशी आहे?"

"हो, बाई."

"बरं झालं! आम्ही त्या शिंपल्यांना इतकी वर्षं कापलं. आता त्यांना वेळेवर उठू दे!"

आधी म्हातारे हसले, मग सगळं मैदान. हार्लनही हसला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. रोझबाई काठी टेकत पुढे आल्या. "तुझा बाप चांगला माणूस होता. हिवाळ्यात आम्हा बायकांना बॉयलरपाशी हात शेकू द्यायचा. बाकी गेलं खड्ड्यात. आता हा कसा ओरडतो ते तरी ऐकव."

व्हर्नन बाजूला सरला. हार्लनने दोरी ओढली.

जाडा, भसाडा, एकाच सुराचा आवाज नदीवर पसरला. पोरांनी कान झाकले, कुत्री भुंकू लागली, आणि पलीकडच्या काठावर ऑर्डवेची माणसं घराबाहेर येऊन बघू लागली.

"भयंकर आहे," रोझबाई समाधानाने म्हणाल्या. "अजून एकदा."

पण हार्लनने कोणी सांगायच्या आधीच दोरी पुन्हा ओढली होती.