हातचं राखून

आग्याबैलाने तीनदा खूर घासला आणि अख्खी परीक्षणशाळा हसली.

सुलभा खानापूरकर हसली नाही. तिने डावीकडे उडी घेतली, बैल फुरफुरत उजवीकडून गेला, आणि तिने त्याच्या मानेत भाला घातला. पडद्यावर विजयाची तुतारी वाजली. शेजारच्या खुर्चीत तन्वीर मुजावर बसला होता. त्याच्यासमोर तीच मोहीम होती, तीच पाचवी खिंड, तोच बैल आणि तीच 'कठीण' पातळी. त्याच्या पडद्यावर मात्र बैलाने एकदाच खूर घासला आणि गोळीसारखा सुटला. मुजावरनेही तो मारला. दोघंही जिंकले, पण मामला जिंकण्याचा नव्हताच. मामला खुराचा होता.

'नऊ खिंडी' या खेळाचे चाळीस हजार खेळाडू होते आणि त्यांचा चर्चाफलक म्हणजे बाराही महिने पेटलेली चूल होती. कुठलं शस्त्र खरं, कुठली मोहीम फुकटची, कुठला राक्षस बनवणाऱ्यांनी झोपेत बनवला, यावर माणसं एकमेकांची कुळं काढत. चार महिन्यांपूर्वी सुलभाने तिथे लिहिलं की आग्याबैल धावून येण्याआधी तीनदा खूर घासतो, तिसऱ्याला उडी मारा. मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मुजावरने खाली लिहिलं की काकूंनी चष्मा बदलावा, बैल एकदाच घासतो. मग बाकीचे तुटून पडले. काकू सोप्या पातळीवर खेळून कठीणच्या गप्पा मारतात, असं एकाने लिहिलं. नावच सुलभा, असं दुसऱ्याने लिहिलं, आणि तो विनोद चार महिने शिळा झाला नाही.

सुलभा चिडली ती वेगळ्याच कारणाने. कोणीतरी तिचाच दीड वर्षापूर्वीचा लेख उकरून काढला होता. 'पाचव्या खिंडीची वाट' नावाचा तो लेख वाचून हजारो लोकांनी बैल मारला होता. त्यात तिनेच लिहिलं होतं : बैल एकदाच खूर घासतो, डोळे मिटू नका.

चोपन्न वर्षांची, फोंडा घाटात बस चालवणारी बाई. घाटातलं प्रत्येक वळण तिला झोपेत सांगता येईल. ती खूर मोजायला चुकेल? तिने खेळाडू मेळाव्याची तारीख पाहिली, रजा टाकली आणि नाशिकजवळच्या माळावर 'गारगोटी खेळशाळे'च्या आवारात येऊन सगळ्यांसमोर मुजावरला शेजारी बसायला लावलं. त्याचा निकाल हा असा लागला. दोघंही खरं बोलत होते.

मुजावरने हातातले स्पर्शमोजे काढले. तो आता हसत नव्हता. हे दोन वेगळे बैल आहेत, असं तो म्हणाला, आणि बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी समोर यावं, नाहीतर तो खुर्चीवरून उठणार नाही.

समोर आली ती ओजस्विनी घैसास. तिशीतली, बारीक आवाजाची अभियंता. तिने दोघांना आतल्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि आधी बरीच टाळाटाळ केली. हे व्यावसायिक गुपित आहे, करारात कलम आहे, खेळाडूंनी त्यावर 'मान्य' दाबलेलं आहे, वगैरे. सुलभाने तिला विचारलं की बाई, तू कधी घाटातल्या बसमध्ये बसली आहेस का. ती हो म्हणाली. मग तिथे ड्रायव्हरने सांगितलं की पुढे रस्ता आहे की नाही हे गुपित आहे, तर चालेल का. घैसासने पडदा उघडला.

त्या यंत्रणेचं नाव होतं समतोलक. घैसासनेच ती बांधली होती आणि सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही आला. माणूस सारखा हरला की खेळ सोडतो. सारखा जिंकला की कंटाळून सोडतो. शंभरात बासष्ट वेळा जिंकणारा माणूस मात्र वर्षानुवर्षं राहतो. म्हणून समतोलक प्रत्येकाला बासष्टवर ठेवतो. स्पर्शमोज्यांतून तो खेळाडूचा प्रतिसादकाल मोजतो, म्हणजे डोळ्याला दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. खेळाडू चपळ झाला की राक्षस चपळ होतो. खेळाडू मंदावला की राक्षस हातचं राखून लढतो. एक खूर जास्त घासतो, शिंगं किंचित उशिरा खाली करतो. 'कठीण' ही पाटी तेवढी तीच राहते.

"म्हणजे आम्ही चार महिने भांडलो ते कशावरून?" मुजावरने विचारलं.

"दोन वेगळ्या बैलांवरून," घैसास म्हणाली.

मुजावर खेळाडूंच्या यादीत अकरावा होता आणि ते वर्गातल्या पोरांनाही माहीत होतं. ती यादी म्हणजे काय होती, हे त्याला आता कळलं. ज्या शर्यतीत प्रत्येकाच्या पायाला वेगळं वजन बांधलंय आणि ते कुणालाच सांगितलेलं नाही, तिचा निकाल.

सुलभाने मात्र यादीबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने स्वतःचा आलेख मागितला.

घैसासने तो लावला आणि तिचा चेहरा पडला. तिनेही तो पहिल्यांदाच पाहिला होता. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत रेघ सपाट होती : दोनशे पासष्ट. मग ती चढायला लागली. कुठे उडी नाही, कुठे खड्डा नाही, गाडी चढणीला लागावी तशी. आता आकडा होता चारशे. आणि खाली दुसरी रेघ होती विजयांची. ती चौदा महिने आडवी, बासष्टवर, हललीसुद्धा नव्हती.

"माझा हात मंदावतोय," सुलभा म्हणाली.

घैसास म्हणाली की असं थेट म्हणता येणार नाही, झोप, ताण, अनेक कारणं असतात.

"चौदा महिने तुम्हाला ठाऊक होतं."

"आम्हाला नाही, मॅडम. यंत्रणेला. आमच्यासमोर फक्त विजयांचा आकडा येतो. तो बासष्ट असला की आम्ही बघत नाही."

सुलभा उठून उभी राहिली. खोली लहान होती आणि तिचा आवाज घाटात भोंग्यांच्या वर चढून बोलायची सवय असलेला.

"माझ्या लहानपणी गल्लीत लगोरी चालायची. मी सगळ्यांत बारकी. मला कच्चं लिंबू करायचे. बाद झाले तरी खेळायचं, माझ्यावर राज्य कधी यायचं नाही. पण ते तोंडावर सांगायचे. अख्ख्या गल्लीला माहीत असायचं, मलाही. आणि एक दिवस मोठी बहीण म्हणाली, झालीस मोठी, आता तुझ्यावर राज्य. मी घरी नाचत गेले. तुम्ही मला चोपन्नाव्या वर्षी कच्चं लिंबू केलंत आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत. वर तुतारी वाजवलीत."

ज्या माणसाला पडताना कोणी पडू देत नाही, त्याला आपण पडतोय हे कळायचं कुठून? चाळीस हजार माणसांचे हात रोज मोजायचे, हजाराव्या भागापर्यंत मोजायचे, आणि ते मोजमाप वापरायचं कशाला, तर गिऱ्हाईक खुर्चीतून उठू नये म्हणून. याला सोय म्हणतात, सौजन्य म्हणतात. सुलभाच्या डोक्यात त्यासाठी दुसरे शब्द होते, ते तिने गिळले.

मुजावरला तिची समजूत घालावीशी वाटली. तो म्हणाला की ताई, एवढं मनावर घेऊ नका, हा खेळ आहे. हात खरंच बिघडला असता तर बसमध्ये कळलं असतं ना.

सुलभा जरा शांत झाली. तेही खरंच होतं. अकरा वर्षं घाट, आणि गाडीला एक ओरखडा नाही. गेल्या महिन्यात वळणावर बैलगाडी आडवी आली तेव्हाही गाडी जागच्या जागी उभी राहिली होती. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिने हे घैसासला जरा ताठ मानेने सांगितलं.

घैसास तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने विचारलं, "तुमच्या बसमध्ये चालक-सोबती आहे का?"

होता. तीन वर्षांपूर्वी सगळ्या बसमध्ये त्याची डबी बसवली होती. सुकाणू हलकं होतं, ब्रेक मऊ लागतो, ड्रायव्हरची पाठ दुखत नाही, असं त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं.

"तो कुणाचा आहे?" सुलभाने विचारलं. उत्तर तिला आधीच कळलं होतं.

"बांधणी दुसऱ्या कंपनीची आहे," घैसास म्हणाली. "आतला समतोलक आमचा. तोच."

गल्लीतलं राज्य संपलं होतं. आता घाट आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी डेपोमागच्या मोकळ्या मैदानावर सुलभाने रिकामी बस आणली. डेपो व्यवस्थापक सावर्डेकर हे सज्जन गृहस्थ होते आणि सज्जन माणसं करतात तेच त्यांनी केलं : हे सगळं टाळायचा प्रयत्न. मॅडम, तुमच्याविरुद्ध एक तक्रार नाही, कशाला उकरून काढता. सुलभाने त्यांना सांगितलं की तक्रार नाही तीच तक्रार आहे. मिस्त्रीने सोबतीची तार जोडलेली आहे हे तपासलं. मुजावर शाळेतून सुट्टी घेऊन आला होता. त्याच्या हातात लाल झेंडा होता. भरतीच्या वेळी नव्या ड्रायव्हरची घेतात तीच चाचणी : ताशी चाळीसने यायचं, झेंडा पडला की ब्रेक, आणि नेमून दिलेल्या अंतरावर एक रिकामं पिंप.

पहिल्या खेपेला झेंडा पडला, गाडी थांबली. पिंप वीतभर पुढे. दुसऱ्या खेपेलाही वीतभर, आणि तिसऱ्यालाही. सावर्डेकर म्हणाले, झालं ना समाधान?

"वीतभरच का?" सुलभाने खिडकीतून विचारलं. "दर खेपेला वीतभरच का, साहेब? माणूस इतका सारखा थांबतो का?"

मिस्त्रीने तार काढली.

गाडी जड वाटली. सुकाणू तीन वर्षांपूर्वीसारखं अंगावर आलं आणि तिला क्षणभर बरंच वाटलं, जुनी मैत्रीण भेटावी तसं. काटा चाळीसवर गेला. झेंडा पडला. तिने तत्क्षणी ब्रेक दाबला. तिच्या मते तत्क्षणी. पिंपाचा आवाज देवळातल्या मोठ्या घंटेसारखा आला.

ती पुन्हा फिरून आली. पुन्हा आवाज आला. पाच खेपांत पाचदा.

मुजावरने पिंपाचं अंतर पावलांनी मोजलं, मग उकिडवा बसून जमिनीवर काडीने गणित केलं. दोनशे पासष्टचे चारशे झाले, म्हणजे हजारात एकशे पस्तीस जास्त. ताशी चाळीसला त्या वेळात गाडी दीड मीटर पुढे जाते. दीड मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारं एक माणूस. त्याने काडी टाकून दिली.

सुलभाने स्टिअरिंगवर हात ठेवले होते तसेच ठेवले. टाळ्या आठवल्या तिला. बैलगाडीसमोर गाडी जागच्या जागी थांबली होती. कोण थांबलं होतं? चौदा महिने चाळीस-चाळीस माणसं तिच्या भरवशावर बसली होती, ती तिच्या नाही तर एका डबीच्या भरवशावर होती. आणि कधी ती डबी बिघडली असती तर गुन्हा कुणावर लागला असता? सुलभा खानापूरकर, वय चोपन्न, अकरा वर्षं निष्कलंक. ती उतरली आणि किल्ली सावर्डेकरांच्या हातात दिली.

"आता बाकीच्यांची घ्या," ती म्हणाली. "तार काढून."

सावर्डेकर म्हणाले की असा नियम नाही. ती म्हणाली की मग ती दाराशी बसते, नियम होईपर्यंत. ती बसलीही. तीन दिवस पत्र्याच्या खुर्चीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला कारण सांगत. चौथ्या दिवशी चाचणी सुरू झाली. अडतीस ड्रायव्हरांपैकी नऊ जणांनी पिंप उडवलं. त्यातल्या चौघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकाने तोंडावर सांगितलं की बाई, तू आमच्या पोटावर पाय दिलास. तिने ऐकून घेतलं. एकजण मात्र दुसऱ्या दिवशी परत आला, आपला चष्म्याचा आकडा दुप्पट झाल्याचं सांगून खाली मान घालून बसला.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला हात पुढे करायला लावला, बोटं आपटायला लावली आणि आजाराचं नाव सांगितलं. बरा होत नाही, पण आवरता येतो. तुम्ही वर्षभर आधी आला असतात तर बराच आवरला असता. तुम्हाला चौदा महिन्यांत काहीच कसं जाणवलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"जाणवू दिलं नाही," सुलभा म्हणाली.

हे सगळं तिने चर्चाफलकावर लिहिलं, स्वतःच्या नावानिशी, डेपोतल्या पिंपाच्या फोटोसकट. मुजावरने खाली स्वतःचा अकरावा क्रमांक परत केल्याचं जाहीर केलं. मग जे पेटलं ते आठ महिने विझलं नाही. अर्ध्या लोकांना आपला आलेख हवा होता. अर्ध्यांनी लिहिलं की काकूंनी मजा घालवली, आम्हाला बासष्टच हवेत, आम्हाला सांगू नका. त्यांचाही राग सुलभाला समजला. जिंकण्याची सवय सोडवत नाही. शेवटी खेळशाळेने दोन गोष्टी केल्या : ज्याचा आलेख त्याच्या हवाली, आणि खेळाच्या पहिल्या पानावर एक फिरवायची खुंटी, 'समतोलक बंद'. खुंटी घैसासने बसवली. तिने सुलभाला पत्र लिहिलं होतं. सुलभाने ते दोनदा वाचलं आणि उत्तर दिलं नाही. अजून राग गेला नव्हता, आणि जायलाच हवा असं तिला वाटत नव्हतं.

सुलभा आता मैदानावर झेंडा धरते. दर सहा महिन्यांनी, तार काढून, प्रत्येक ड्रायव्हर. झेंडा धरताना हात किंचित थरथरतो, म्हणून ती तो दोन्ही हातांनी धरते.

एका रविवारी दुपारी तिने स्पर्शमोजे चढवले आणि खुंटी फिरवली. पाचवी खिंड. धूर, दगड, समोर आग्याबैल. त्याने तिच्याकडे पाहिलं. एकदाच खूर घासला.

तिने उडी घेतली तेव्हा शिंग छातीत शिरलेलं होतं. तुतारी वाजली नाही. पडदा काळा झाला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मेली. सात वेळा. सातही वेळा बैलाने पूर्ण जोर लावला.

मुजावरने चर्चाफलकावर विचारलं होतं, ताई, कसा आहे खरा बैल? सुलभाने मोजे काढले, हुळहुळणारी बोटं चोळली आणि एकेक अक्षर शोधत सावकाश उत्तर टंकलं.

"आता माझ्यावर राज्य."